पालिकेचं दुकान आणि आडवी बाटली

अमेरिकेतलं ट्रॉय शहर सोडून आम्ही मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात राहायला गेलो ते दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्याचं काम नवऱ्याच्या कंपनीला मिळालं होतं. "दोनच वर्षांचा प्रॉजेक्ट आहे यार, बघता बघता संपेल," असं तो म्हणाला होता. ट्रॉयला आमच्या मजल्यावरच तीन मराठी घरं होती. समोरच्या काकू कोथिंबीर मागायला म्हणून यायच्या आणि तासभर बसायच्या. इथे मराठी बोलणारं जवळचं माणूस दोन तासांच्या ड्राइव्हवर होतं, आणि बर्फ पडलं की तेही नाही.

लग्नाआधी मी सांगलीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही हे मला ठाऊक होतं; पण ते ठाऊक असणं वेगळं आणि सकाळी नवरा गेल्यावर दार लावून घरात एकटं उभं राहणं वेगळं. त्या वेळी तिकडे शाळा सुटून गेलेली असे, तरी मला वर्गच आठवायचा. नववीला मी नगरपालिकेच्या उत्पन्नाची साधनं शिकवायचे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर, सरकारी अनुदान. मागच्या बाकावरची मुलं जांभया द्यायची. त्या जांभया देणाऱ्या मुलांची इतकी आठवण येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

घरापासून चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, गावची लायब्ररी. मी रोज जायला लागले. महिन्याभरात तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं, की गावातल्या टर्की पक्ष्याचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या काही बायकांना इंग्रजी वाचायला शिकायचं आहे, तू शिकवशील का? पगार नव्हता, त्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. लायब्ररीच्या मागच्या बाजूला एक मोठी, उबदार खोली होती. मंगळवारी आणि गुरुवारी सोमाली आणि मेक्सिकन बायका तिथे यायच्या, बूट काढून कोपऱ्यात ठेवायच्या आणि मी फळ्यावर लिहायला वळले की मागे एकदम शांतता व्हायची. कितीतरी वर्षांनी माझ्या बोटांना खडू लागला होता.

त्या खोलीच्या दाराशी भिंतीवर एक पितळी पाटी होती. पहिल्या दिवशी मी ती वाचली नाही. एकदा बायकांना वाचनाचा सराव म्हणून खोलीतल्या पाट्या वाचायला सांगितल्या, तेव्हा एका मुलीने अडखळत वाचलं: ही खोली गावच्या दारू दुकानाच्या उत्पन्नातून बांधली आहे.

मला वाटलं, तिनं चुकीचं वाचलं. मी जवळ जाऊन पाहिलं. बरोबर होतं.

आमच्या शेजारी एक साठीच्या बाई एकट्या राहायच्या. आम्ही आलो त्या आठवड्यात त्यांनी ॲपल पाय, म्हणजे सफरचंदं भरून भाजलेला गोड पदार्थ, आणून दिला होता, आणि पहिल्या बर्फात माझ्या दारापुढचा रस्ता त्यांनीच फावड्यानं मोकळा केला होता. त्यांना मी तोंडावर नावानं हाक मारायचे, कारण तिथली तशीच रीत. मनात मात्र मी त्यांना मावशी म्हणायचे. संध्याकाळी मी त्यांना पाटीबद्दल विचारलं.

"हो, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इथे दारूचं दुकान नगरपालिकेचंच आहे. गावात दुसऱ्या कुणाला बाटल्या विकायची परवानगी नाही. नफा सगळा गावाला. लायब्ररीची खोली, पोहण्याचा तलाव, बागेतले दिवे, सगळं त्यातूनच आलं." मग त्या हसल्या. "तुला माहीत नव्हतं? ते दुकान मीच सांभाळते. वीस वर्षं झाली."

मी चहा तसाच ठेवून घरी आले.

माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते. सकाळी ते मला पेपर वाचून दाखवायचे, पुढाऱ्यांच्या भाषणांना वेगवेगळे आवाज काढून. मी हसून हसून दूध सांडायचे. संध्याकाळी ते एसटी स्टँडजवळच्या दुकानात जायचे. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. ते दुकानाच्या पायरीवरच बसल्या जागी झोपायचे, आणि आई मला त्यांना आणायला पाठवायची. दुकानदार गल्ल्यावरून मान वर करून म्हणायचा, "आली बघा पोरगी. ने गं घरी." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले. आवाज काढून वाचलेला पेपर मला अजून ऐकू येतो. तसं वाचणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आई शिक्षिका होती. रिटायर झाल्यावर तिनं वॉर्डातल्या बायका जमवल्या आणि ते दुकान बंद करायचा चंग बांधला. आपल्याकडे त्यासाठी बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवीवर. मी अमेरिकेत आल्यापासून फोनवर आईच्या तोंडी दुसरा विषय नसायचा.

रविवारी सकाळी कॉलिंग कार्डावरून फोन लावला तेव्हा मी तिला खोलीचं सांगितलं.

"नगरपालिका दारू विकते?" आई म्हणाली. "आणि त्यातनं लायब्ररी बांधते?"

"हो."

"आणि तू तिथं शिकवतेस?"

लाइनवर नुसती खरखर.

"बायका येतात का पण शिकायला?" तिनं विचारलं.

"येतात. एकही खाडा करत नाहीत."

"मग शिकव," आई म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता, आणि त्या दिवशी तिनं नेहमीसारखं जेवलीस का हे विचारलं नाही.

दारूच्या दुकानात मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वडिलांना आणायला जायचे तेव्हाही पायरीशीच थांबायचे. पालिकेच्या त्या दुकानात पहिल्यांदा गेले ते दुसऱ्या हिवाळ्याआधी, मावशी चष्मा घरीच विसरल्या होत्या म्हणून. त्यांनी फोन करून विनवलं, "माझ्या घराची जादा किल्ली आहे ना तुझ्याजवळ, चष्मा आणून देशील?" मी बाहेर थांबून हाक मारणार होते, पण काचेचं दार आपोआप उघडलं आणि थंडी आत जाईल म्हणून मला आत जावं लागलं. स्वच्छ दुकान होतं, किराणा दुकानासारखं. मावशी गल्ल्यामागे लोकरीचा स्वेटर घालून उभ्या.

तेवढ्यात एक उंच म्हातारा आला. चालीवरूनच मला कळलं. ती चाल मी लहानपणापासून ओळखत होते. त्यानं एक बाटली गल्ल्यावर ठेवली. मावशींनी ती उचलून स्वतःच्या मागे ठेवली.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

तो ओरडला. गावचा कर मी भरतो, दुकान माझं आहे, तू कोण अडवणारी. मावशींनी त्याला बोलू दिलं. मग हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे. आणि बस तिथे, हीटरजवळ."

त्यानं दिली. मला अजून आश्चर्य वाटतं, पण त्यानं दिली आणि खुर्चीत जाऊन बसला, दमलेल्या मुलासारखा. मावशींनी फोन केला. थोड्या वेळानं त्याची मुलगी आली, माझ्याच वयाची, कुठल्यातरी कामावरचा युनिफॉर्म घातलेली. तिनं बापाचा कोट नीट केला, मावशींना "थँक यू" म्हणाली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली.

मी चष्मा गल्ल्यावर ठेवला आणि मला रडू फुटलं. मावशी गल्ल्यामागून बाहेर आल्या.

"काय झालं?"

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. त्या गावात मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्यांना कुणी 'नाही' म्हणायचं नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही. दुकानदाराचं पोट त्यावर होतं."

त्यांनी मागे ठेवलेली बाटली परत फळीवर नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यालासुद्धा मी ह्याच गल्ल्यावरून परत पाठवायचे. तो पंचवीस मैल गाडी चालवून शेजारच्या गावात जायचा. तिथलं दुकान खाजगी होतं. माझा पगार किती बाटल्या खपल्या ह्यावर ठरत नाही, म्हणून मी नाही म्हणू शकते. बाकी ह्या दुकानात चांगलं असं फार काही नाही."

घरी येताना एकच विचार डोक्यात होता. एसटी स्टँडजवळच्या त्या गल्ल्यामागे कुणीतरी एकदा, फक्त एकदा, "आज नाही, घरी जा" म्हणायला हवं होतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात गावात एका अर्जावर सह्या गोळा झाल्या होत्या. पालिकेनं दारू विकू नये, दुकान बंद करावं आणि खाजगी दुकानांना परवाने द्यावेत, अशी मागणी होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हा प्रश्न गावाच्या मतपत्रिकेवर आला. घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या उगवल्या. एका बाजूचं म्हणणं, सरकारनं धंदा करू नये, स्पर्धा आली की भाव उतरतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नफा गेला की लायब्ररी आणि तलावाचा खर्च घरपट्टीतून काढावा लागेल. एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. मी मागच्या रांगेत बसले. अगदी माझाच धडा चालला होता, पालिकेच्या उत्पन्नाची साधनं, आणि ह्या वेळी कुणी जांभई देत नव्हतं. मला उठून बोलावंसं वाटलं. त्या खोलीत कोण येतं, काय वाचतं, हे सांगावंसं वाटलं. पण व्यासपीठावरच्या माणसानं "मतदारांनी आधी बोलावं" असं म्हटलं आणि मी मांडीवरचा कोट घट्ट धरून बसून राहिले.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नसे.

"तारीख लागली," ती म्हणाली. "डिसेंबरात मतदान आहे. तू ये."

"मी कशी येऊ?"

"तुझं नाव अजून इथल्या यादीत आहे." मग तिनं मला नियम समजावला, जणू मी तिच्या वर्गात होते. आडव्या बाटलीला नुसती जास्त मतं पडून भागत नव्हतं. वॉर्डाच्या यादीत जितक्या बायकांची नावं, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी येऊन आडवीवर शिक्का मारायला हवा होता. जी आली नाही ती आपोआप दुकानाच्या बाजूला. "लग्न होऊन गेलेल्या, पुण्या-मुंबईला गेलेल्या, सगळ्यांची नावं तशीच आहेत. तू इथं नसलीस की तुझं मत त्या उभ्या बाटलीला पडतं, बाळ."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

"अगं, माझं व्हिसाचं एक्सटेन्शन पेंडिंग आहे. आत्ता तू इंडियाला गेलीस तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकशील. परत कधी येशील सांगता येणार नाही."

"आईनं आजवर काही मागितलं नाही रे माझ्याकडे."

"मला कळतंय," तो म्हणाला. त्याला खरंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वकिलाला फोन केला. वकिलानंही तेच सांगितलं. मी गेले नाही.

जिथे राहत होते तिथे मला मत नव्हतं, आणि जिथे मत होतं तिथे मी नव्हते. त्या दिवसांत मी खिडकीशी बसले की मला आमच्या गावचं डिसेंबरातलं ऊन दिसायचं, प्राथमिक शाळेचं ते पटांगण, पदर सावरत रांगेत उभ्या बायका. मी त्या रांगेत जागा शोधायचे.

नोव्हेंबरात इथला निकाल लागला. गावानं दुकान बंद करायच्या बाजूनं कौल दिला, थोडक्यातच. सकाळी मी मावशींकडे गेले. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून टोस्टला लोणी लावत होत्या, एकामागून एक, कुणी खाणारं नसताना.

"लोकांना स्वस्त हवं असतं," त्या म्हणाल्या. "त्यात वाईट काही नाही." मग सुरी खाली ठेवली. "पण तो म्हातारा आता कुठे जाईल, ह्याचा विचार करत होते."

डिसेंबरात आईही मतदान हरली. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता, पण यादीच्या निम्म्याला पोचायला काही मतं कमी पडली.

"माझं नाव काढून टाक," मी फोनवर म्हणाले. "अर्ज दे. पुढच्या वेळी तेवढं तरी सोपं जाईल."

आई कामाला लागली. पुढच्या वर्षभरात तिनं दारोदार जाऊन परगावी गेलेल्या मुलींची, वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं वगळायला लावली. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या लेकीचं. सगळ्या घरांतून सह्या आणल्या. शेवटी मी विचारलं, "आणि माझं?"

"तुझं नाही काढलं," ती म्हणाली.

"का?"

"लोकांच्या मुलींची काढली मी. तुझं काढायला हात होईना." आणि मग, विषय बदलावा तसं, "थंडी फार आहे का गं तिकडं?"

दुकान पुढच्या वसंतात बंद झालं. वर्षाच्या आत हमरस्त्याला दोन मोठी खाजगी दुकानं उघडली, रात्री उशिरापर्यंत झगमगणारी. तो म्हातारा मला एकदा त्यातल्या एकाच्या बाहेर दिसला, गाडीत बसलेला. त्याच्या मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता, नाहीतर फोन केला असता. लायब्ररीचे तास कमी झाले, मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी ती मागची खोली बंद राहू लागली. मावशींनी घर विकलं आणि त्या ॲरिझोनाला लेकीकडे गेल्या. जायच्या दिवशी त्यांनी मला त्यांचं बर्फाचं फावडं दिलं आणि म्हणाल्या, "मला आता लागणार नाही." आम्ही दोघी हसलो आणि मग हसू टिकलं नाही.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत आईच्या वॉर्डात पुन्हा मतदान झालं. एव्हाना नवऱ्याचा प्रॉजेक्ट वाढला होता आणि व्हिसाचंही मार्गी लागलं होतं. मी गेले. मी अमेरिकेला गेल्यापासूनच्या पाच वर्षांत आई इतकी बारीक झाली होती, की एसटी स्टँडवर मी आधी तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. सकाळी दोघी मतदानाला निघालो. रांगेतल्या बायका वळून बघत होत्या. "अमेरिकेतनं आली मतदानाला!" कुणीतरी म्हणालं, आणि आई पुढे बघत चालत राहिली, पण तिनं माझा हात सोडला नाही.

मी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. त्या क्षणी मला वडील आठवतील असं वाटलं होतं. आठवल्या मावशी. गल्ल्यावरची बाटली उचलून मागे ठेवणारा त्यांचा हात.

दुपारनंतर निकाल आला. ह्या वेळी निम्म्याहून बरीच जास्त मतं पडली होती. बायकांनी गुलाल उधळला, आईला उचलून घ्यायला निघाल्या तेव्हा ती ओरडली, "अगं, हाडं मोडाल माझी!" संध्याकाळी आम्ही दोघीच दुकानावरून चालत गेलो. शटर खाली होतं. पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. आई पायरीकडे बघत उभी राहिली.

"उशीर झाला आपल्याला," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पदराखालून हाड लागलं.

तिथे तीन आठवडे राहिले. गंमत अशी की तिथे असताना, आईच्या हातचं खाताना, दुपारी ओसरीत पडल्यापडल्या मला ती बर्फातली खोली आठवायची. कोपऱ्यातले ओले बूट, फळ्याकडे वळल्यावर मागे होणारी शांतता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग खोली कशाला लागते? घर आहे ना तुझं?"

परत गेल्यावर मी बायकांना घरी बोलावलं. पहिल्या मंगळवारी चौघी आल्या. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, नवऱ्यानं लवकर येऊन सगळ्यांना चहा केला, आल्याचा, आणि त्यांना तो तिखट लागला तरी त्यांनी संपवला. मेक्सिकोहून आलेली एक बाई तिच्या मुलीच्या शाळेतून आलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन आली होती. ती सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचत होती. मध्येच एका ठिकाणी तिनं अस्वलाचा आवाज जाडा काढला आणि सगळ्या हसल्या.

मला तेव्हाच्या तेव्हा आईला फोन करावासा वाटला. तिकडे पहाट व्हायची होती, ती झोपलेली असणार. मी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि म्हटलं, "पुढे वाचा."